बेचाळीस गाणी माझी, एक आक्काचे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गाणी म्हणणे, गोष्टी सांगणे आणि दोन्ही जमेनासे झाल्यावर त्यांच्याविषयी पुस्तके लिहिणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरच्यांचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. सूनबाईने मघाशी बिनसाखरेचा चहा आणून ठेवला आणि कप रिकामा होईपर्यंत ती समोर उभी राहिली. कायद्यात याला दडपण म्हणत नाहीत, असे वकिलांनी सांगितले.

वकिलांनी खरे तर दोन पानांचा मसुदा टाइप करून आणला होता. त्यात घर होते, पुस्तके होती, वारस होते, फक्त मी कुठे नव्हतो. म्हणून मी म्हटले, मी लिहितो, तुम्ही कायदा तेवढा बघा. ते म्हणाले, "लिहा, पण गोष्ट सांगत बसू नका." न्हाव्याला घरी बोलवायचे आणि केसांना हात लावू नको म्हणायचे, त्यातला हा प्रकार. तरी मी प्रयत्न करतो.

कलम पहिले. याआधी मी तीन मृत्युपत्रे केली. तिन्ही मुलाशी भांडण झाल्यावर केली आणि तिन्हींत घर मुलीला दिले. ती सगळी या कागदाने रद्द झाली. मुलीने मनाला लावून घेऊ नये. ती लांब राहते म्हणून तिच्याशी भांडण होत नाही, एवढाच तिचा गुण होता.

कलम दुसरे. राहते घर, खोल्या तीन, वर गच्ची, हे मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. पुढच्या खोलीच्या भिंतीत मी स्वतः ठोकलेले अकरा खिळे आहेत आणि त्यांवर अकरा मानपत्रे टांगली आहेत. खिळे मजबूत आहेत, ते काढू नयेत. मानपत्रांच्या चौकटीही सागवानी आहेत, कामाला येतील. मधल्या कागदाचे काय करायचे ते वारसांनी ठरवावे. त्यांपैकी चार मानपत्रांत माझ्या आवाजाला 'मातीचा गंध' असल्याचे लिहिले आहे. मी जन्मापासून दुसऱ्या मजल्यावर राहिलो.

कलम तिसरे. माझा डफ पेटीवाल्याला द्यावा. पेटीवाला म्हणजे माझा साथीदार. एकतीस वर्षे त्याने माझ्यासोबत पेटी वाजवली, आणि एकतीस वर्षे तो माझ्या अर्धी मात्रा पुढे होता. विचारले तर म्हणायचा, "मी बरोबर आहे, तुम्ही रेंगाळता." आता डफ त्याच्या हातात येईल. एखादा चांगला तडफदार पेटीवाला शोधून त्याने त्याच्यासोबत वाजवून पाहावे आणि मग मला मनातल्या मनात उत्तर द्यावे. माणूस सोन्यासारखा आहे. माझी बायको आजारी असताना सहा कार्यक्रम त्याने एकट्याने निभावले आणि 'साहेबांचा घसा बसलाय' अशी थाप सहा ठिकाणी मारली. ते मी विसरलेलो नाही.

कलम चौथे. कार्यक्रमाचा कोट मुलाला. या कोटाची त्याला लहानपणापासून लाज वाटत आली. शाळेत पोरे विचारायची, तुझ्या बाबांना धड कोट का नाही? वस्तुस्थिती अशी की तो कोट नवाकोरा विकत घेतला होता. आमच्या प्रकाशकाचे म्हणणे पडले की लोकगायक इतका टापटीप दिसला तर लोक गाणी ऐकतील, पुस्तक विकत घेणार नाहीत. त्याला ठिगळे हवीत. मी कोट घेऊन माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे गेलो. ती शिवणकाम करायची. तिने कापड बोटांत धरून पाहिले आणि म्हणाली, "फाटकं असेल तर आण. धड कापडाला ठिगळ लावायला मला कुणी शिकवलं नाही." मग दुसऱ्या शिंप्याकडून सात ठिगळे लावून घेतली. आतून कोट अजून नवा आहे. मुलाने तो उलटा करून घालावा.

कलम पाचवे. माझी नऊ पुस्तके, त्यांचे हक्क आणि त्यांतून जे काही येत असेल नसेल ते मुलीला. तिने प्रकाशकाशी बोलताना आवाज चढवू नये, त्याला कमी ऐकू येते आणि ते त्याच्या सोयीचे आहे. गोष्टींच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीवर पांढऱ्या दाढीच्या, सुरकुतलेल्या म्हाताऱ्याचे जे चित्र आहे, तो मी नव्हे. माझा फोटो पाहून प्रकाशक म्हणाला, "तुम्ही बँकेतले वाटता." ते चित्र कोणाचे आहे हे त्यालाही माहीत नाही. गेली पंधरा वर्षे लोक मला भेटल्यावर थोडे नाराज होतात, त्याचे कारण तो म्हातारा आहे.

कलम सहावे. हे कलम जपून वाचावे. माझ्या नावावर 'संकलक' म्हणून जी बेचाळीस लोकगीते छापली आहेत, ती मी कुठूनही गोळा केलेली नाहीत. ती मी केली आहेत.

झाले असे की, मी वीस वर्षांचा असताना स्वतःची गाणी घेऊन पाच ठिकाणी गेलो. पाचही ठिकाणी सांगण्यात आले की अजून मिसरूड फुटले नाही, तुला जगण्यातले काय कळते. सहाव्या ठिकाणी मी सांगितले की हे गाणे एका म्हाताऱ्या नावाडिणीकडून ऐकले, ती नव्वद वर्षांची होती आणि गाऊन संपल्यावर तिने प्राण सोडला. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. गाणे तेच होते. त्यानंतर मी नावाडीण वापरली, मीठ विकणारी वापरली, आंधळी दळणवाली वापरली, असे करत एकंदर चौदा बायका झाल्या. यांतली एकही जन्माला आलेली नाही, सबब मेलेलीही नाही. त्यांच्या वारसांनी अर्ज करू नयेत. हे लिहिण्याचे कारण, एक वारस आधीच आलेला आहे. सहा वर्षांपूर्वी एका सभेत नावाडिणीचा पणतू म्हणून एका गृहस्थांचा माझ्याच हस्ते सत्कार झाला. त्यांनी आपल्या पणजीच्या ज्या आठवणी सांगितल्या, त्या मलाही नवीन होत्या आणि माझ्यापेक्षा चांगल्या रचलेल्या होत्या. मी टाळ्या वाजवल्या. दुसरे काय करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तर ही बेचाळीस गाणी माझी आहेत. पण इतकी वर्षे ती कोणाचीच नव्हती म्हणून लोकांनी प्रेमाने गायली. ती तशीच कोणाचीही राहू द्यावीत.

कलम सातवे. आता एका गाण्याविषयी. मला ओळखणारे बहुतेक लोक ज्या एका गाण्यामुळे ओळखतात, आणि ज्याच्याखाली 'शब्द, चाल व आवाज' असे तिन्हींना माझे एकट्याचे नाव छापलेले असते, ते गाणे माझे नाही. ते आक्काचे आहे.

आईवडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा आणि आक्का अठराची. तिने पुढच्या खोलीत शिलाईचे मशीन टाकले. दवाखान्याचे गणवेश शिवायची, एकाच मापाचे, एकाच रंगाचे, दिवसाला नऊ. मी मोठा झालो तसा गावोगाव गाणी म्हणत फिरू लागलो आणि कधीही घरी येऊ लागलो. ती काळ्या मशीनवर पाय मारत स्वतःशीच गात असायची. ऐकणारे कोणी नसले की गायची, आणि मला ती ऐकणाऱ्यांत धरत नसे. ते गाणे सगळ्यांना पाठ आहे, तरी कागदावर असावे म्हणून सुरुवात लिहितो:

उसवलेलं शिवत बसले, उजेड सरू दे,
घरी येणारं येईल तेव्हा... दार उघडं असू दे.

मी सव्वीस वर्षांचा असताना नभोवाणी केंद्रावर मला गायला बोलावले. मी नावाडीण घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने हात वर केला. "पारंपरिक फार झालं हो. रोज एक म्हातारी मरते इथे. तुमचं स्वतःचं काही असेल तर गा." गाणी सगळीच माझी होती, पण सगळी म्हाताऱ्यांच्या नावावर चढवून बसलो होतो. आयत्या वेळी आठवले ते आक्काचे. गायलो. त्याने विचारले, "हे कुणाचं?" मी म्हणालो, "माझं." म्हणजे जे माझे होते ते मी न जन्मलेल्या बायकांना वाटले आणि जी खरीखुरी होती, घरात बसून माझ्यासाठी कपडे शिवत होती, तिचे उचलले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. फक्त या नागोबाला पुढे अकरा मानपत्रे मिळाली.

'येईल तेव्हा'नंतर मी जो थांबतो, त्या थांबण्यावर बरेच लिहिले गेले आहे. एका प्राध्यापकांनी त्यावर प्रबंध केला. त्यांनी सगळी ध्वनिमुद्रणे तपासून तो विराम सरासरी दोन पूर्णांक तीन सेकंदांचा असल्याचे सिद्ध केले आणि 'येणारं' म्हणजे मृत्यू, असा निष्कर्ष काढला. वस्तुस्थिती अशी की आक्काची कात्री कधीही जागेवर नसायची. त्या ओळीशी बाहीची शिवण संपायची आणि ती वाकून दोरा दाताने तोडायची. तोंडात दोरा असताना गाता येत नाही. मी गाणे तसेच्या तसे ऐकत आलो होतो, म्हणून तसेच्या तसे गायलो, दोऱ्यासकट. सभागृहात लोक श्वास रोखून बसतात ते माझ्या बहिणीचा दोरा तुटेपर्यंत. आणि 'येणारं' म्हणजे मृत्यू नव्हे, मी. मी यायचो. ती दार उघडे ठेवायची. हे मला कळायला फार वर्षे लागली आणि कळले तेव्हा सांगायची लाज वाटली.

नभोवाणीवरचे गाणे तिने खालच्या दुकानात उभे राहून ऐकले होते. मी घरी आलो तर एवढेच म्हणाली, "बरं गायलास. पण मधे थांबलास कशाला? तिथं मी दोरा तोडते." मी म्हणालो, "लोकांना आवडलं." ती हसली. मी त्या हसण्याला परवानगी समजलो. माणसाला सोयीचे ते पटकन समजते.

त्यानंतर ती वेगळी राहायला गेली, तरी बावीस वर्षे माझ्याकडे येत-जात होती आणि गाण्याचा विषय तिने काढला नाही. मग मी आत्मचरित्र लिहिले. त्यात पान एकशे बारावर लिहिले, 'एका सकाळी नदीकाठी एकटाच बसलो असताना हे गाणे मला सुचले.' नदी कुठून आली ते मला सांगता येणार नाही. आत्मचरित्रात नदी लागते. आठ दिवसांनी पुस्तक टपालाने परत आले. पान एकशे बारावर चिठ्ठी होती. 'नदी घरापासून अकरा मैल. तू गेलास कधी? गाणं नेलंस त्याचं काही नाही. पण मी मशीनवर बसले होते, ते का पुसलंस?' तेव्हापासून सव्वीस वर्षे आम्ही बोललो नाही. ती चार तासांच्या अंतरावर राहते. माझ्या बायकोच्या अंत्यविधीला आली, सगळ्यांना जेवू घातले, माझ्याशी न बोलता गेली.

सबब, सदर गाणे, त्याचे शब्द, चाल, मधले थांबणे आणि यापुढे त्याचे जे काही होईल ते सर्व, मी आक्काला देत आहे. वकील म्हणाले, "देत आहे कसं लिहिता? तिचंच असेल तर परत करत आहे लिहा." तसे वाचावे.

इथे एक अडचण उभी राहिली आहे, ती लपवत नाही. कलम सहा वाचल्यावर कलम सातवर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, चौदा बायका खोट्या म्हणता आणि पंधरावी खरी? लोक म्हणतील, आत्याशी गोडी करायला लिहिलंय." सूनबाईने पुन्हा डॉक्टरांना फोन केला. प्राध्यापकांना मी स्वतः फोन करून दोऱ्याचे सांगितले. ते भारावून गेले. म्हणाले, "काय सुंदर प्रतिमा आहे! शिवणारी स्त्री! ही तुमची आजवरची सर्वोत्तम म्हातारी." मी म्हटले, अहो, ती माझी बहीण आहे. ते म्हणाले, "अर्थातच, एका अर्थानं त्या सगळ्याच." माझ्याकडे पुरावा नाही. जन्मभर खोटे इतक्या मन लावून बोललो की खऱ्याला लागणारा सूरच गळ्यात राहिला नाही. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, तर देवही विचारतो, आता यात तुझा काय डाव?

खरे सांगू शकेल असे एकच माणूस आहे आणि ते माझ्याशी बोलत नाही. मी या कलमाची नक्कल करून तिला टपालाने पाठवली आहे. सोबत चिठ्ठी लिहिली नाही. चिठ्ठी लिहायला बसलो की ती चांगली होऊ लागते.

कलम आठवे. यांखेरीज जे उरलेसुरले असेल, दिसणारे आणि न दिसणारे, ते मुलगा आणि मुलगी यांचे. अंत्यविधीच्या वेळी भाषणे करू नयेत. करायचीच झाली तर एकाने करावे आणि बसून करावे, म्हणजे लवकर आटोपते. आक्काचे गाणे तिथे कोणी म्हणू नये. प्राध्यापकांनी मुळीच म्हणू नये.

कलम नववे. हे कलम आज, सह्या करायच्या दिवशी, आयत्या वेळी वाढवत आहे.

आज सकाळी डॉक्टर आणि शेजारचे चष्मेवाले असे दोन साक्षीदार येऊन बसले होते. वकील शिक्का काढत होते. तेवढ्यात आक्का आली. वय एक्क्याऐंशी, बसने एकटी आली. मुलगा हात द्यायला धावला तर त्याच्या हातात पिशवी दिली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "किती वाळलास रे धाकट्या." सव्वीस वर्षांनंतरचे पहिले वाक्य हेच. मग चष्मा लावून तिने सगळी पाने वाचली, पहिल्यापासून, बोट फिरवत. मी परीक्षेला बसल्यासारखा बसलो होतो.

"मृत्युपत्र आहे का तुझा कार्यक्रम?" ती म्हणाली.

"थोडं लांबलंय."

"मशीन काळं नव्हतं. हिरवं होतं."

सबब कलम सातमध्ये जिथे 'काळ्या' आहे तिथे 'हिरव्या' वाचावे.

"बाकी?" मी विचारले.

ती वकिलांना म्हणाली, "सही कुठं करायची?"

वकील म्हणाले, "आजी, तुम्हाला सही करता येणार नाही. तुम्हाला यातून गाणं मिळतंय. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. कायदा आहे."

"म्हणजे गाणं घेतलं तर सही नाही, आणि सही केली तर गाणं नाही?"

"तसंच."

"सही कुणी केली तर लोकांना खरं वाटेल?"

वकिलांनी थोडा विचार केला. इतक्या दिवसांत मी त्यांना विचार करताना पहिल्यांदा पाहिले. "तुम्हीच केली तर," ते म्हणाले. "जिच्या पदरात काही पडत नाही, ती खोटं कशाला बोलेल?"

"मग पेन आणा."

मी म्हणालो, "आक्का, असं करू नकोस. गाणं तुझं आहे. तुझ्याकडे यायला नको का?"

"माझं आहे हे मला अठ्ठेचाळीस वर्षं माहीत आहे," ती म्हणाली. "मला कागदावर कशाला हवंय? बाकीच्यांना कळू दे."

चष्मेवाले उठले, म्हणाले मग आमचे काम नाही, आणि चहा पिऊन गेले. वकिलांनी मला बाजूला घेऊन समजावले की सही झाली की कलम सात अमलात येणार नाही, गाणे उरल्यासुरल्यात जमा होऊन मुलांकडे जाईल. मी विचारले, मग कलम खोडू का? ते म्हणाले, "खोडू नका. ते वाचायचं, अमलात आणायचं नाही." मुलगा आत्याजवळ जाऊन म्हणाला, आमच्याकडे आलं तरी ते तुझ्याच नावानं छापू. ती म्हणाली, "बघा बाबा. नावं बदलून छापायची खानदानी सवय आहे तुमच्यात."

पन्नास वर्षे मी लोकांना रडवण्याचा धंदा केला. आज डॉक्टर, वकील आणि सूनबाई यांच्यासमोर मी स्वतः रडलो, बराच वेळ, आणि त्यात एकही मात्रा धरून नव्हती. हे डोके ठिकाणावर असल्याच्या दाखल्याविरुद्ध धरू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार, सकाळी पावणेबारा

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिला: कुटुंबाचे डॉक्टर. (सही) रुग्ण शुद्धीवर आहे.

साक्षीदार दुसरी: मृत्युपत्र करणाऱ्याची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम. या कागदाने तिला काहीही मिळत नाही. (सही, आणि सहीखाली तिच्याच हातचे) वाचलं. खरं आहे.